शेंडी ते शेंडी

दाजी, काल मी तुमच्या नावेच्या मोटरवरचं गोणपाट काढलं.

आधी आक्काला विचारलं. ती पडवीत तांदूळ निवडत बसली होती. मान वर न करता "काढ" म्हणाली. गोणपाटाखाली कोळ्यांनी जाळी विणली होती आणि पंख्याच्या पात्यांत वाळलेलं गवत अडकलं होतं. ती सुरू करायची दोरी मात्र तुम्ही ठेवलीत तशीच होती, वेटोळं करून खुंटीला. तिच्या लाकडी मुठीवर तुमच्या तळव्याचा काळा डाग आहे. मी ती हातात घेतली आणि परत ठेवून दिली. काल तेवढंच झालं.

उद्या सकाळी मला नगरला कॉलेजात परत जायचं आहे. त्याआधी हे लिहितो आहे. तुम्हाला वाचता येत नव्हतं हे मला माहीत आहे. तरी लिहितो, कारण एक गोष्ट तुम्हाला सांगायची वेळ माझ्यावर चारदा आली आणि चारही वेळा मी गप्प राहिलो.

दुसरी मोठी लढाई संपल्यावर तुम्ही एका ठेकेदाराबरोबर नगरला लष्करी सामानाच्या लिलावाला गेला होतात, आठवतं? जाताना आक्काला सांगून गेलात, नावेवर आडोसा करायला तंबूचं कापड आणतो. आणलीत ही मोटर, तीही बंद पडलेली. सर्व्हिस गाडीच्या टपावरून, स्वतःच्या धोतरात गुंडाळून. मी संगमनेरच्या शाळेतून सुट्टीला रतनवाडीला तुमच्याकडे आलो होतो. तुम्ही धोतर सोडलंत तेव्हा आक्का कमरेवर हात ठेवून उभी होती.

"आन् ह्ये काय? शेवयाचं यंत्र?"

खरंच तसंच दिसत होतं ते. फळीला आवळायचे दोन पेच, वर गोल चाक, खाली लांब दांडा.

"शेवयाचंच की," तुम्ही म्हणालात. "पान्याच्या शेवया पाडनार हाय."

शेंडीहून रतनवाडीला धरणाच्या पाण्यावरून माणसं ने-आण करायची हा तुमचा धंदा. तुमचे वडील धरण व्हायच्या आधी शेती करत, ती जमीन पाण्याखाली गेली, मग तुम्ही त्याच पाण्यावर नाव घातली. "बापाच्या शेतावरनंच जातो रोज," असं तुम्ही हसत सांगायचात. वल्ह्याने ती वाट कापायला वारा पडलेला असला तरी अर्धी सकाळ जायची. म्हणून ही मोटर.

मोटरबरोबर तेलाने भिजलेलं एक इंग्रजी पुस्तक होतं. तुम्ही ते माझ्या मांडीवर ठेवलंत आणि म्हणालात, "पाव्हणं, तुमी वाचा, आमी खोलतो." मला शाळेत इंग्रजीत जेमतेम मार्क पडायचे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी पाटी धरलेली नाही. मला चुकायची भीती वाटायची. पण तुम्ही विचारायचात आणि थांबायचात. अशी वाट माझ्यासाठी कुणी पाहिली नव्हती. शब्द अडला की मी चित्रावर बोट ठेवायचो आणि तुम्ही यंत्रात तो भाग शोधून काढायचात. त्या उन्हाळ्यात मी जेवढं इंग्रजी शिकलो तेवढं त्याआधीच्या तीन वर्षांत शिकलो नव्हतो. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. पण ज्या गोष्टीसाठी लिहायला बसलो ती ही नाही.

ठिणगी पडत नव्हती. चाकाखालचं तारेचं गुंडाळं सर्द झालं होतं. पुस्तकात ते ऊबदार जागी वाळवा असं होतं. तुम्हाला आक्काच्या चुलीइतकी ऊबदार जागा दुसरी ठाऊक नव्हती. आक्का पाणी घेऊन आली तर चुलीच्या वैलावर भाकरीशेजारी ते काळं गुंडाळं.

"कुनाचं काळीज भाजायला ठिवलंय ह्ये?"

"यंत्राचं. जरा परतून घे, करपू देऊ नको."

तिने उलथणं उगारलं होतं, आठवतं ना? ठिणगीच्या टोकांवरचा गंज तुम्ही काड्यापेटीच्या खरखरीत बाजूने घासलात. पॅकिंग फाटलं होतं, त्यासाठी माझ्या बीजगणिताच्या वहीचा पुठ्ठा कातरलात. मी कुरकुरलो तर म्हणालात, "गनितच हाय नव्हं, यंत्राला बी येऊ द्या." ज्या दिवशी ती पहिल्यांदा सुरू झाली त्या दिवशी काठावरच्या म्हशी शेपट्या वर करून पळाल्या होत्या आणि तुम्ही पाण्यात कमरेइतके उभे राहून नुसते हसत होतात.

आपलं भांडण पहिल्यांदा झालं ते खिळीवरून. पंखा दांड्याला ज्या छोट्या खिळीने अडकवलेला असतो ती मऊ पितळेची असते. पाण्याखालच्या बुंध्याला पंखा आपटला की खीळ तुटते आणि पंखा वाचतो. पुस्तकात हे स्पष्ट होतं. तुम्ही म्हणालात, तुटनारी खीळ कशाला घालायची, आणि छत्रीची पोलादी काडी कापून घातलीत. आठव्या दिवशी कोलटेंभ्यापाशी बुडालेल्या आंब्याच्या खोडावर पंख्याचं पातं मोडलं. तुम्ही मोडलेलं पातं हातात घेऊन उलटसुलट पाहिलंत. "पुस्तकवाला शाना हाय," म्हणालात. मग पितळी तारेच्या दहा खिळी कापून पानसुपारीच्या चंचीत ठेवल्यात. तुम्ही हरलात तर हरलो म्हणायचात. हे मला जमत नाही, दाजी.

दुसरं भांडण तेलाचं. या मोटरला पेट्रोलमध्येच तेल कालवून द्यावं लागतं. पुस्तकात इंजिनाचं तेल सांगितलं होतं. पेट्रोलच रेशनवर, मग ते तेल कुठलं मिळायला? राजूरच्या मोटारवाल्याने दोनदा बाटलीभर दिलं, तिसऱ्यांदा हात झाडले. तेव्हा तुम्ही घरातलं, तान्ह्या पोरीसाठी ठेवलेलं एरंडेल काढलंत. मी हादरलो. आक्का तर तेलाची बाटली छातीशी धरूनच उभी राहिली.

"प्वारीच्या पोटाचं तेल हाय ह्ये. यंत्राला जुलाब व्हत्याल!"

"व्हऊ द्या की. यंत्राचं बी पोट साफ हुईल." मग माझ्याकडे वळून तुम्ही गंभीरपणे म्हणालात, "पाव्हणं, गाडीच्या आसाला आजापासनं ह्येच तेल घालत्यात. आस तापत न्हाई, झिजत न्हाई. यंत्रात काय हाय? फिरनारा आसच हाय."

"पुस्तकात नाहीय ते, दाजी."

"पुस्तक लिवनाऱ्याच्या गावात एरंड नसंल."

मोटर चालली. नुसती चालली नाही, पहिल्यापेक्षा मऊ चालली. एरंडेल जळल्याचा गोडसर, तिखट वास पाण्यावर पसरायचा आणि मुरशेतची बाया-माणसं वासावरूनच ओळखायची की नाव आली.

एरंडेल पेट्रोलात सहज मिसळत नाही हे तुम्हाला तिसऱ्या-चौथ्या दिवशीच कळलं होतं. म्हणून तुम्ही डबा हलवायचात. किती हलवायचा, तर धरणाभोवतालची गावं एकेक करून म्हणायची, एका गावाला एक हेलकावा: शेंडी, मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी, कोलटेंभे, मुतखेल, आणि परत शेंडी. उन्हाळ्यात एक फेरी. थंडीत दोन. आणि कालवलेलं लगेच टाकीत ओतून लगेच निघायचं. तुमच्याकडे घड्याळ नव्हतं, मापही नव्हतं. हे धरण तुम्हाला पाठ होतं, त्याचंच तुम्ही माप केलंत. मी हसायचो. "अशाने कुठं रसायनशास्त्र होतं," असं म्हणायचो. तुम्हीही हसायचात आणि पुढचं गाव घ्यायचात.

आता माघातल्या त्या सकाळबद्दल लिहितो.

रतनवाडीचं वऱ्हाड शेंडीला न्यायचं होतं आणि त्या लग्नासाठी मी शाळेतून आलो होतो. मुहूर्त सकाळचा होता. आदल्या दिवशी दुपारी आपलं तेलावरून पुन्हा वाजलं होतं आणि मी रागात म्हणालो होतो, "हे तेल एक दिवस चारचौघांत तुमचं नाक कापेल." तुम्ही डबा झाकून ठेवलात. सकाळी नवरदेवाला आणायला वर गावात गेलात, जाताना मला म्हणालात, "पाव्हणं, डबा कालवून टाकी भरा. गारठा हाय, दोन फेऱ्या घ्या."

पाण्यावर धुकं होतं. डब्याचा पत्रा बोटांना चटके दिल्यासारखा गार लागत होता. मी सुरुवात केली. शेंडी. मुरशेत. पांजरे. उडदावणे. घाटघर. तेवढ्यात वरून वाजंत्री ऐकू आली. मी डबा थांबवला आणि टाकीत ओतला.

दोन फेऱ्या नाहीत, एकही नाही. अर्धी.

घाईमुळे थांबलो असं मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगितलं. वऱ्हाड तर अजून देवळापाशी होतं, दाजी. वेळ होता. पुस्तक खरं ठरावं असं त्या क्षणी माझ्या मनात कुठेतरी होतं का? मला अजून नक्की सांगता येत नाही. नव्हतं असंही छातीवर हात ठेवून म्हणता येत नाही.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. मधोमध पोचल्यावर पांढरा धूर आला आणि मोटर बंद पडली. तुम्ही ठिणगीची बत्ती काढून धोतराला पुसलीत. सुरू झाली, परत बंद. तीनदा. करवल्या नाकाला पदर लावून हसत होत्या. मग एकाएकी ती जोरात धावली, किंचाळल्यासारखा आवाज झाला आणि चाक जागच्या जागी घट्ट झालं. तळाचं एरंडेल आधी ओढलं गेलं होतं आणि मागे नुसतं कोरडं पेट्रोल राहिलं होतं, हे मला आता कळतं. तेव्हा तुम्ही दोरीला लोंबकळलात तरी चाक हललं नाही.

"काय हो, मोटरला हगवन लागली का?" नवरदेवाचा चुलता ओरडला. सगळी नाव हसली. वाजंत्रीवाल्याने तर मुद्दाम सनई काढली.

तुम्ही हसला नाहीत. वल्ही घेतलीत. वारा समोरचा होता. मुहूर्त टळला. शेंडीच्या काठावर मुलीचा बाप तुम्हाला जे बोलला ते मी इथे लिहीत नाही. तुम्ही खाली मान घालून ऐकलंत. मी शेजारी उभा होतो. माझ्या तोंडात शब्द तयार होते. "त्यांची चूक नाही, डबा मी हलवला नाही." एवढेच. मी नावेची दोरी आवळत राहिलो. ती आवळलेलीच होती.

परत येताना तुम्ही म्हणालात, "पुस्तक खरं, पाव्हणं. आमी गाडीवानाची अक्कल इंजनाला लावाया गेल्तो." पहिल्या भांडणात म्हणालात तसंच म्हणालात. पण तेव्हा तुमच्या हातात मोडलेलं पातं होतं. या खेपेला तुमच्या हातात माझं खोटं होतं, आणि तुम्ही तेही तितक्याच सरळ मनाने घेतलंत.

मोटर तुम्ही खोललीत, घट्ट बसलेला दट्ट्या लाकडी हातोडीने ठोकून सोडवलात, ओरखडे घासलेत. पण तिच्यात पुन्हा एरंडेल घातलं नाहीत. दुसरं तेल मिळत नव्हतं. मग गोणपाट.

जूनमध्ये मी कॉलेजसाठी निघालो तेव्हा तुम्ही मला वल्ह्याने शेंडीला सोडलंत. माझी ट्रंक मधल्या फळीवर होती. तुमच्या मानेवरची शीर फुगलेली दिसत होती आणि मी तिच्याकडेच पाहत होतो. आता सांगतो, आता, असं करत शेंडी आली. गाडी सुटताना तुम्ही खिडकीशी येऊन म्हणालात, "कालेजात मोठी पुस्तकं आसतीन. ते तेल आसं का वागलं, तेवढं बघा. माझ्या मनातनं जात न्हाई."

मी बघितलं, दाजी. दुसऱ्या वर्षी प्रयोगशाळेत आमच्या सरांनी एका नळीत पेट्रोल आणि एरंडेल घेतलं. तेल तळाला जाऊन बसलं. नळी कोमट करून हलवली, दोन्ही एक झालं. पुन्हा गार पाण्यात धरली, गढूळ झालं. मी बाकावरून उठून जवळ गेलो. सरांना वाटलं मला फार आवड आहे. ते म्हणाले, पहिल्या लढाईत विमानांच्या इंजिनांना हेच तेल घालत, याच्याइतकं चांगलं वंगण तेव्हा दुसरं नव्हतं. माझ्या कानात त्यांचा आवाज येत होता आणि तुमचा. पुस्तक लिवनाऱ्याच्या गावात एरंड नसंल.

पत्र लिहायला बसलो. पण माझी पत्रं गावचे गुरुजी पडवीत सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवतात. मी लिहिलं, "मी खुशाल आहे, दिवाळीला येतो, तेव्हा तेलाचं सविस्तर सांगेन." सविस्तर. हा शब्द लिहून मी पाकीट बंद केलं.

दिवाळीच्या दीड महिना आधी तुम्हाला ताप आला. मला पत्र मिळून मी पोचलो तो तुम्ही गेल्यानंतरचा दहावा दिवस होता. पाण्याच्या काठी तुमच्या धाकट्या भावाने पिंड ठेवले. उंबरावर दोन कावळे बसले होते. खाली पाहत होते, येत नव्हते.

"प्वारीला संभाळू, म्हना!" कुणीतरी म्हणालं. तुमच्या भावाने म्हटलं. कावळे हलले नाहीत.

"नाव इकनार न्हाई, म्हना!" तेही झालं.

मग एक म्हातारे गृहस्थ माझ्याकडे वळले. "पाव्हणं, तुमी बोला. तुमच्यावर लई जीव हुता त्यांचा."

सगळे माझ्याकडे पाहत होते. त्या लग्नातल्या नवरीचा बाप, जो तुम्हाला तेव्हा बोलला होता, तोही आला होता. मी हात जोडले आणि म्हणालो, "आक्काला अंतर देणार नाही." ते खरं आहे. पण म्हणायचं ते नव्हतं. ऊन चढलं. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला आणि लोक उठले. मी सायन्स शिकतो. कावळ्याचं काय मानावं ते मला कळत नाही. मला एवढंच कळलं की वेळ होती आणि मी पुन्हा घाटघरलाच थांबलो.

तेरावं झालं. माणसं गेली. आज सकाळी मी आक्काला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. हात थांबला नाही. भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली. मला वाटलं तिला ऐकू गेलं नाही.

मग ती म्हणाली, "दीड वरीस नाव वल्ह्यानं वढली त्यांनी. रोज सांजच्याला खांदं चोळून देत हुते मी. कशानं म्हाईतंय का तुला?"

मी चुलीतलं लाकूड आत सारलं.

"ह्याच तेलानं." तिने कोनाड्यातली एरंडेलाची बाटली काढून माझ्यासमोर ठेवली. जरा आपटलीच. "मला सांगून काय व्हतंय? ज्याला सांगायचं त्येला सांग."

तिने मला माफ केलं की नाही, मला माहीत नाही. तिने तसं म्हटलं नाही, मीही माफी मागितली नाही.

मी मोटर अंगणात आणली. चाक उतरवलं. तारेचं गुंडाळं सर्द झालं होतं. ते आक्काने स्वतःच उचलून नेलं आणि वैलावर ठेवलं. काड्यापेटीने टोकं घासली. दट्ट्यावर दोन थेंब एरंडेल सोडलं. तुमच्या चंचीत पितळी खिळी अजून होत्या, सहा. राजूरहून बाटलीभर पेट्रोल मी येतानाच आणलं होतं. का आणलं तेव्हा मला नीट ठाऊक नव्हतं.

दुपारी नावेवर मोटर चढवली. आक्का पोरीला कडेवर घेऊन काठावर आली. मी डब्यात तेल घातलं आणि हलवू लागलो. शेंडी. मुरशेत. पांजरे. उडदावणे. घाटघर.

डबा तिथेच थांबला. पुढचं गाव मला ठाऊक होतं, दाजी, पण तोंडातून येईना.

"साम्रद," काठावरून आक्का म्हणाली.

साम्रद. रतनवाडी. कोलटेंभे. मुतखेल. शेंडी. ऊन होतं, एक फेरी पुरली असती. मी दुसरीही घेतली.

सहाव्या ओढीला ती सुरू झाली. म्हशी पळाल्या. धूर पाण्यावर लोळला आणि तो वास आला. पोरीने नाक वर केलं आणि इकडेतिकडे पाहू लागली, तुम्ही कुठून येताय ते. आक्काने तोंड फिरवलं. मी नाव एकटाच मधोमध घेऊन गेलो, जिथे वऱ्हाड थांबलं होतं तिथे, आणि मोटर चालू ठेवून मोठ्याने म्हणालो. आवाजात दुसऱ्या कुणाला ऐकू गेलं नसेल.

तेल बरोबर होतं, दाजी. डबा मी हलवला नव्हता.